नाव आणि नावाचा धनी

एकोणिसावे शतक सरता सरता 'सुधारक' पत्रात 'भारद्वाज' या टोपणनावाने एक लेखमाला आली आणि महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. भारद्वाज म्हणजे शिवरामपंत भारदे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: ज्ञानेश्वरी लिहिणारा ज्ञानदेव वेगळा आणि विठ्ठलाचे अभंग रचणारा ज्ञानदेव वेगळा. पहिला नाथपंथी, शैव वळणाचा, आपेगावचा. दुसरा विठ्ठलभक्त, आळंदीचा. अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीच्या भाषेहून बरीच अलीकडची वाटते, हा त्यांचा एक प्रमुख आधार. वाद कित्येक वर्षे धुमसत राहिला. वारकरी परंपरेने तो मुळातच मानला नाही, आणि पुढे बहुतेक अभ्यासकांनीही ज्ञानदेव एकच असा कौल दिला. तो कौल बरोबर की चूक हा या पुस्तकाचा विषय नाही. मला त्या वादातली वेगळीच गोष्ट कुतूहलाची वाटते.

शाळेतल्या मुलाला विचारले, की बाबा रे, ज्ञानेश्वर म्हणजे कोण? तर तो सांगेल, ज्यांनी ज्ञानेश्वरी लिहिली ते, हरिपाठाचे अभंग ज्यांचे ते, आळंदीला ज्यांनी समाधी घेतली ते. आता ही माहिती हाच जर नावाचा अर्थ असेल, तर भारद्यांचे विधान चूकसुद्धा ठरत नाही. ते चक्क अर्थहीन ठरते. 'ज्याने ज्ञानेश्वरी आणि अभंग दोन्ही लिहिले त्याने दोन्ही लिहिले नाहीत' असे कोणी बोलेल का? पण भारद्यांच्या विरोधकांपैकी कोणीही 'तुम्ही काय म्हणता ते कळत नाही' अशी तक्रार केली नाही. सगळ्यांना बरोबर कळले. म्हणून तर चिडले. त्यांनी पोथ्या काढल्या, परंपरा तपासली, भाषेचे नमुने पुढे केले. म्हणजे नावाला चिकटलेली जवळजवळ सगळी माहिती वादात सापडली असतानाही ते नाव आपले काम चोख बजावत होते. कशाच्या जोरावर?

नावांचा आणि शब्दांचा अर्थ येतो कुठून, या प्रश्नाचे हे एक टोक. ते मी मुद्दाम आपल्या घरातले घेतले, कारण हा विषय इंग्रजी ग्रंथांतून आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याबरोबर परकी उदाहरणेही येतात आणि वाचकाला वाटते की ही भानगड तिकडची आहे.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर देऊन ठेवले. विशेषनामाला अर्थ नसतोच, असे तो म्हणाला. नाव म्हणजे वस्तूला लावलेली खूण, बस्स. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून एका गावाला डार्टमथ म्हणू लागले खरे, पण उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव खोटे पडणार नाही. आपल्याकडे पिंपळगावात पिंपळ शोधत फिरणारा माणूस जसा वेड्यात निघेल, तसेच. हे इतके उघड वाटते की यापुढे बोलायचे काय, असा प्रश्न पडावा.

येनामध्ये गणित शिकवणाऱ्या गॉटलोब फ्रेगेला तो पडला नाही. १८९२च्या त्याच्या निबंधातले पहाटताऱ्याचे आणि सांजताऱ्याचे उदाहरण जगभर गाजले. पण आपल्याकडे पहाटेही शुक्राची चांदणी आणि संध्याकाळीही शुक्राचीच, त्यामुळे ते आपल्याला हवे तितके टोचत नाही. त्याऐवजी राम गणेश गडकरी घ्या. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. समजा, 'वाग्वैजयंती'वर जीव टाकणारा आणि 'एकच प्याला' पाहून भारावलेला एक विद्यार्थी आहे, पण हे दोघे एकच, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. 'गडकरी म्हणजे गडकरी' हे त्याला ऐकवले तर तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल. 'गोविंदाग्रज म्हणजेच गडकरी' हे ऐकवले तर तो उडेल. मिलच्या हिशेबाने ही दोन वाक्ये सारखी असायला हवीत, कारण दोन्ही नावे एकाच माणसाच्या खुणा. मग एक वाक्य पोकळ आणि दुसरे बातमी, असे का?

फ्रेगेचे उत्तर असे, की नाव दोन गोष्टी करते. ते कोणाकडे तरी बोट दाखवते. याला या पुस्तकात मी सर्वत्र 'निर्देश' म्हटले आहे. आणि ते त्या वस्तूकडे एका विशिष्ट वाटेने नेते. त्या वाटेला मी 'आशय' म्हटले आहे. गोविंदाग्रज आणि गडकरी यांचा निर्देश एक, आशय दोन. फ्रेगेने याखेरीज शब्दाची एक तिसरी बाजूही नोंदवली होती: शब्दाला लागलेला रंग, छटा, भाव. पण विचार खरा की खोटा याच्याशी तिचा संबंध नाही, असे सांगून त्याने ती लगेच बाजूला ठेवली. ती बाजूला ठेवलेली वस्तू मी शेवटी पुन्हा हातात घेणार आहे.

बर्ट्रंड रसेलने १९०५मध्ये या विचाराला तर्कशास्त्राची धार लावली. आज फ्रान्सला राजाच नाही. मग 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकलू आहे' हे वाक्य कशाबद्दल बोलते? रसेल म्हणतो, ते कोणाबद्दलच बोलत नाही; ते 'असा एक आणि एकच जण आहे' असा दावा करते आणि तो दावा खोटा पडतो. नेहमीची विशेषनामेही अशीच वेष पालटलेली वर्णने आहेत, हे त्याचे पुढचे पाऊल. कहाण्यांतल्या आटपाट नगराचा पत्ता आपण विचारत नाही, तो का विचारत नाही याचा खुलासा रसेलजवळ आहे; फक्त कहाणी ऐकण्यातली गोडी त्याच्या चिन्हांत शिल्लक राहत नाही. पुढे विट्गेन्स्टाइनने मोझेसचे उदाहरण घेऊन दाखवले, की एखाद्या नावामागे एकच ठाम वर्णन नसते, वर्णनांची मोळी असते, आणि तीतल्या दोन-चार काटक्या गळल्या तरी चालते. जॉन सर्लने १९५८मध्ये हाच विचार नीट मांडला. या टप्प्यापर्यंत आल्यावर बहुतेकांना वाटले की प्रश्न मिटला.

मग जानेवारी १९७०मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात २९ वर्षांचा सॉल क्रिपके तीन व्याख्याने द्यायला उभा राहिला. हातात लिहिलेला कागद नव्हता. ध्वनिमुद्रणावरून उतरवून ती १९७२मध्ये एका संग्रहात आणि १९८०मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने छापली गेली, आणि आजही ती वाचताना समोर बसून ऐकल्यासारखे वाटते. त्यातले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. कुर्ट गोडेल म्हणजे कोण? अपूर्णतेचा सिद्धांत ज्याने सिद्ध केला तो. लोकांना त्याच्याविषयी एवढेच ठाऊक. आता कल्पना करा, की तो सिद्धांत खरे तर श्मिट नावाच्या कोणा माणसाने सिद्ध केला, त्याचा व्हिएन्नात गूढ मृत्यू झाला आणि गोडेलने त्याचे बाड लांबवले. मग आपण 'गोडेल' म्हणतो तेव्हा श्मिटबद्दल बोलत असतो का? मुळीच नाही. आपण गोडेलबद्दलच बोलत असतो, फक्त खोटे बोलत असतो. (खरा गोडेल त्या वेळी हयात होता आणि त्याच प्रिन्स्टनमध्ये राहत होता. बिचाऱ्यावर भर सभेत, काल्पनिक का होईना, चोरीचा आळ घेतला गेला.)

क्रिपकेचे पर्यायी चित्र असे: कधीतरी कोणीतरी एखाद्याला नाव ठेवतो. ते ऐकणारा दुसऱ्याजवळ ते वापरतो, दुसरा तिसऱ्याजवळ, आणि प्रत्येक जण ज्याच्याकडून नाव घेतले त्याला जो अभिप्रेत होता तोच आपल्यालाही अभिप्रेत ठेवतो. माझ्या डोक्यात गोडेलविषयी काय माहिती आहे याला महत्त्व नाही. माझ्यापर्यंत पोचलेली साखळी मागे कोणाकडे जाते, याला आहे. आणि एकदा ठेवलेले नाव त्या व्यक्तीला सोडत नाही. गडकऱ्यांनी एकही नाटक लिहिले नसते, कुठे कारकुनी करत आयुष्य काढले असते, तरी ते गडकरीच असते, अशी कल्पना आपण सहज करू शकतो. 'एकच प्याला लिहिणारा' हे वर्णन मात्र तेव्हा त्यांना लागू झाले नसते. नाव आणि वर्णन यांतला हा फरक क्रिपकेने ज्या सहजतेने दाखवला, त्या सहजतेचा मला अजूनही हेवा वाटतो.

भारद्यांच्या वादाचे कोडे इथे बरेचसे सुटते. सगळे जण एकाच साखळीचे टोक हातात धरून ओढत होते. ती मागे कुठे जाते यावर भांडण होते.

पण बरेचसेच, कारण भारद्यांचा दावा नीट पाहिला तर तो क्रिपकेलाही अडचणीत टाकतो. त्यांच्या मते साखळ्या दोन होत्या आणि मध्येच कुठेतरी त्यांची गाठ बसली. तसे झाले असेल तर 'ज्ञानेश्वर' म्हणणारा आजचा माणूस दोघांपैकी कोणाविषयी बोलतो? ज्ञानेश्वरांच्या बाबतीत ही शक्यता बहुतेकांनी फेटाळली, पण मराठी संतसाहित्यात असे प्रत्यक्ष घडलेही आहे. नामदेव ज्ञानेश्वरांच्या काळचे. मराठीत महाभारत रचणारा विष्णुदास नामा सोळाव्या शतकातला. दोघांच्याही अभंगांत मुद्रा 'नामा' अशीच. वह्यांतून वह्या उतरवताना एकाचे अभंग दुसऱ्याच्या गाथेत जाऊन बसले आणि त्यांबरोबर एकाच्या चरित्रातले प्रसंगही दुसऱ्याच्या खाती पडले की काय, अशी शंका अभ्यासकांना येत राहिली. शिवाय गुरू ग्रंथसाहिबात भगत नामदेवांची ६१ पदे आहेत. ती रचणारे नामदेव म्हणजे आपले पंढरपूरचेच का, याचाही खल झाला आहे. भाषा तपासायची, कोणते पद कोणत्या हस्तलिखितात येते आणि कोणत्यात येत नाही ते पाहायचे, पदातल्या उल्लेखांचा काळ ठरवायचा, आणि मग एकेक अभंग या किंवा त्या नाम्याच्या पदरात टाकायचा, हे काम गाथेचे संपादक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. नावाचा निर्देश ठरवण्याचे इतके हातघाईचे काम मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

क्रिपकेच्या चित्रातली ही फट गॅरेथ एव्हान्सने १९७३मध्ये नेमकी पकडली. त्याचे उदाहरण मादागास्करचे. हे नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरल्या एका भागाचे. मार्को पोलोने ते ऐकण्याच्या गफलतीत बेटाला लावले. तो आपल्या परीने साखळी तशीच पुढे नेत होता, पण नावाचा धनीच बदलला. आज मादागास्कर म्हणजे बेट, याविषयी कोणाच्या मनात शंका नाही. एव्हान्स म्हणतो, पहिल्यांदा नाव कोणाला ठेवले एवढेच पाहू नका. ज्या माहितीचा साठा आपण त्या नावाखाली जपतो ती माहिती मुख्यतः कोणापासून निघाली, तेही पाहा. गाथेचा संपादक हेच तर करतो! माहिती खरी असो वा खोटी, ती कोणाची, हे तो शोधतो. मला स्वतःला क्रिपकेपेक्षा एव्हान्सचे म्हणणे अधिक पटते, हे वाचकाला पुस्तकभर जाणवेल. तेव्हा ते आधीच सांगून टाकलेले बरे.

२००४मध्ये चार अभ्यासकांनी गोडेल-श्मिटचीच गोष्ट अमेरिकेतल्या आणि हाँगकाँगमधल्या विद्यार्थ्यांना विचारून पाहिली. अमेरिकेतले क्रिपकेच्या बाजूला जास्त झुकले, हाँगकाँगचे वर्णनांच्या बाजूला. त्यावर बरीच टीका झाली, प्रश्नाचे शब्दच संदिग्ध होते असेही म्हटले गेले. पण 'हे तर कोणालाही पटेल' असे वर्गात बिनधास्त म्हणण्याची सोय त्या दिवसापासून कमी झाली.

विशेषनामांबद्दल जे क्रिपके म्हणतो ते हिलरी पुटनमने सामान्य शब्दांबद्दलही म्हटले. १९७५च्या त्याच्या दीर्घ निबंधात एक प्रांजळ कबुली आहे: एल्म आणि बीच या दोन झाडांतला फरक मला सांगता येत नाही. तरीही त्याच्या तोंडी एल्म म्हणजे एल्म आणि बीच म्हणजे बीचच असते, कारण ज्यांना फरक कळतो अशी माणसे त्याच्या समाजात आहेत. सोन्याचे तसेच. आपल्यातले बहुतेक जण दागिना हातात घेऊन फार तर ९१६चा शिक्का शोधतात. सोने आणि सोन्यासारखे दिसणारे यांतला भेद आपल्याला नजरेने सांगता येत नाही. तो सराफाला कसोटीवर घासून सांगता येतो, प्रयोगशाळेला त्याहून नेमका सांगता येतो. 'सोने' हा शब्द आपण वापरतो तो या लोकांच्या भरवशावर. श्रमविभागणी कारखान्यात असते तशी भाषेतही असते, आणि अर्थ एकट्याच्या डोक्यात मावत नाही, हे पुटनमचे सांगणे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की हे सारे गेल्या दोनशे वर्षांतले आणि युरोप-अमेरिकेतले. तसे अजिबात नाही. पतंजलीच्या महाभाष्यात शब्दांचे वर्ग पाडताना जातीचे, गुणाचे आणि क्रियेचे शब्द सांगून झाल्यावर चौथा वर्ग येतो यदृच्छाशब्दांचा, म्हणजे मनाला येईल तसे ठेवलेल्या नावांचा. 'डित्थ' हे त्याचे ठरलेले उदाहरण. मिल खूश झाला असता. 'गाय' या शब्दाने व्यक्ती कळते की आकृती, यावर व्याडी आणि वाजप्यायन यांची मते त्याच्याही आधीची. मीमांसकांनी तर नामकरणाच्या कल्पनेवरच घाव घातला. शब्द आणि अर्थ यांचे नाते कोणी तरी एके दिवशी जोडले म्हणता, तर तो जोडणारा कोणाच्याच स्मरणात कसा नाही? आणि 'याला हे म्हणावे' असे सांगायला आधी 'याला' आणि 'म्हणावे' यांचे अर्थ ठाऊक नकोत का? हा दुसरा आक्षेप क्रिपकेच्या चित्राला थेट लागतो. मूल भाषा शिकते ती व्याख्या पाठ करून नाही. मोठी माणसे 'गाय आण', 'गाय बांध', 'घोडा आण' म्हणतात, कोण काय करतो ते मूल बघते, आणि त्यातून शब्द सुटा होत जातो. हे सर्व परंपरांनी कमी-अधिक मान्य केले आहे, आणि उत्तरकाळातला विट्गेन्स्टाइन याच्या फार जवळ येतो.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सतराव्या शतकातल्या विश्वनाथ न्यायपंचाननाच्या सिद्धान्तमुक्तावलीतला एक छोटासा परिच्छेद. नैयायिकांच्या मते 'या शब्दाने ही वस्तू कळावी' ही इच्छा म्हणजेच शब्दाची शक्ती. इच्छा कोणाची? ईश्वराची. ठीक, पण काल जन्मलेल्या पोराचे नाव? तेही ईश्वरेच्छेतच बसते, कारण ठरावीक दिवशी बापाने नाव ठेवावे असे शास्त्रवचन आहे. म्हणजे बापाला जणू मुखत्यारपत्र दिलेले आहे. मग एखाद्या पंडिताने नवी संज्ञा बनवली तर? जुने म्हणतात, तिला शक्ती नाही. नवे नैयायिक म्हणतात, ईश्वराचीच इच्छा कशाला हवी, नुसती इच्छा पुरे. कोणा माणसाचीही चालेल. चार-पाच ओळींत हा माणूस ईश्वरापासून निघून तुमच्या-माझ्यापर्यंत येतो.

नाव कोणी ठेवायचे, कोणाची इच्छा धरायची, हा प्रश्न क्रिपकेच्या व्याख्यानांत येत नाही. 'कोणीतरी नाव ठेवतो' म्हणून तो पुढे सरकतो. पण हे 'कोणीतरी' म्हणजे कोण? शास्त्र बाप म्हणते. आपल्या बारशाला नाव ठेवते ती आत्या. पाळण्यात वाकून ती बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. पत्रिकेतले नावरस नाव निराळेच असते. नगरपालिकेच्या जन्मनोंदीत नावाचा रकाना सुरुवातीला कोरा राहिला तरी चालतो. १९६९च्या कायद्याने तो मागाहून भरता येतो. मोठेपणी नाव बदलायचे तर राजपत्रात छापून आणावे लागते. आणि लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवऱ्या मुलीचे नवे नाव लिहायचे, तेव्हा तिची इच्छा किती जणांनी विचारली?

या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप महाराष्ट्राने नामांतराच्या लढ्यात पाहिले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यावर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि ठराव कागदावर राहिला. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षे आंदोलनात गेली. मिलच्या हिशेबाने खुणेऐवजी खूण आली, एवढेच. क्रिपकेच्या हिशेबानेही निर्देश बदलला नाही. तीच इमारत, तेच वर्ग. फ्रेगे म्हणाला असता, की फरक पडला तो छटेत, आणि छटा विचाराचा भाग नव्हे. माझे मत असे आहे, की फ्रेगेने ही छटा फार स्वस्तात सोडली. नाव कोणाच्या इच्छेने ठेवले जाते, ते कोण उच्चारते आणि कोण उच्चारायला नकार देते, यातून नावाला जे मिळते ते अर्थाच्या हिशेबाबाहेर टाकले, तर तो हिशेब अपुरा आहे. विश्वनाथाने ही लढाई पाहिली नव्हती, पण तिचा प्रश्न त्याच्या परिच्छेदात आहे, प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत नाही.

पुस्तकाची मांडणी बरीचशी वरच्याच क्रमाने आहे, पण वाचकाने तो क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. ज्यांना तर्कशास्त्राची चिन्हे पाहून धडकी भरते त्यांनी रसेलचे प्रकरण खुशाल शेवटी वाचावे किंवा सोडून द्यावे. पुढचे काही अडत नाही. क्रिपके आणि विश्वनाथ यांची प्रकरणे मात्र लागोपाठ वाचावीत, आणि एका बैठकीत.